भाऊ गोळी घेऊन अभ्यास करतो, ही चीटिंग आहे का?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. धाकटा भाऊ तीन वर्षं पुण्यात राहून एमपीएससी करतोय, रूम सदाशिव पेठेत, अभ्यासिका शास्त्री रोडला, दर महिन्याचे पैसे तुम्ही पाठवता. दिवाळीला घरी आला तेव्हा बॅगेत मोडाफिनिलची अर्धी संपलेली स्ट्रिप सापडली. विचारलं तर म्हणाला सगळेच घेतात, रूममेटने दिली, चहासारखीच आहे, ड्रग्ज नाहीत. तुमचे प्रश्न तीन. ही चीटिंग आहे का, धोका किती, आणि त्याला अडवायचा मला हक्क आहे का, कारण पोरगा अभ्यासच तर करतोय, दारू तर पीत नाही ना.

मी सायकियाट्रिस्ट आहे, अठरा वर्षं प्रॅक्टिस झाली, आणि उपदेश सुरू करायच्या आधी एक सांगून टाकतो की ही गोळी मी स्वतः घेतलेली आहे. एमडीच्या परीक्षेआधी तीन आठवडे, रेसिडेंट असताना, एमआरने, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीने, ठेवून दिलेल्या सॅम्पलमधली. वॉर्डाची ड्युटी करून रात्री वाचायचो. झोप येत नव्हती हे खरं, जाम भारी वाटत होतं हेही खरं. आणि त्या तीन आठवड्यांत मी एका चॅप्टरच्या इतक्या देखण्या नोट्स काढल्या की विचारू नका, पाच रंगांची पेनं, मोजपट्टीने आखलेले चौकोन, सगळं. तो चॅप्टर परीक्षेला आलाच नाही. पास झालो, गोळीमुळे झालो की गोळी असूनही झालो ते आजही सांगता येणार नाही, पण त्या नोट्स मी अजून जपून ठेवल्यात आणि असा कोणी पोरगा आला की त्याला दाखवतो.

आता गोळी म्हणजे नेमकं काय ते. मोडाफिनिल फ्रान्समध्ये निघालं, लाफों नावाच्या कंपनीत, आणि झोपेवर काम करणाऱ्या मिशेल जुव्हे यांनी ते नार्कोलेप्सीच्या पेशंटसाठी वापरून बघितलं. नार्कोलेप्सी म्हणजे बोलता बोलता, जेवता जेवता माणूस झोपेत जातो तो आजार. 1998 मध्ये अमेरिकेत त्याच कामासाठी मंजुरी मिळाली, पुढे शिफ्ट ड्युटीतल्या झोपेच्या त्रासासाठी आणि स्लीप ॲप्नियाचे, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराचे, उपचार चालू असूनही दिवसा झोप येणाऱ्यांसाठी. म्हणजे मुळात हे बुद्धीचं औषध नाहीच, जागं ठेवायचं औषध आहे. बुद्धी वाढते हे नंतर लोकांनी चिकटवलं.

तुमच्या भावाचं चहाचं लॉजिक मात्र पूर्ण चुकीचं नाही, उगाच त्याला मूर्खात काढू नका. कॅफिन हे पण ड्रगच आहे, मेंदूवर काम करतं, सवय लागते, सोडलं की डोकं दुखतं. फरक मुक्कामाचा आहे. कॅफिनची अर्धी मात्रा साधारण पाच तासांत उतरते, मोडाफिनिलला 12 ते 15 तास लागतात. सकाळी दहाला घेतलेली गोळी रात्री अकराला अजून निम्मी अंगात असते. आणि ही पोरं सकाळी दहाला घेत नाहीत हो, संध्याकाळी जेवण झाल्यावर घेतात, मग पहाटे चारला झोप येईना म्हणून कोणाकडून तरी अल्प्राझोलाम आणतात, तीही प्रिस्क्रिप्शनशिवाय. उठवायला एक गोळी आणि झोपवायला एक. माझ्याकडे जी पोरं येतात ती बहुतेक या दुसऱ्या गोळीसाठी येतात, पहिलीबद्दल तिसऱ्या-चौथ्या भेटीला सांगतात.

मग फायदा होतो का? इथे मला थोडं सविस्तर लिहायचंय कारण नीतीचा अर्धा वाद इथेच सुटतो. 2015 मध्ये मोडाफिनिलवरच्या 24 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, निरोगी आणि झोप झालेल्या माणसांवरचे अभ्यास, त्यात किचकट आणि लांब कामांमध्ये, प्लॅनिंग, निर्णय घेणं, काही प्रमाणात शिकणं, इथे थोडा फायदा दिसला होता. थोडा, बरं का, आणि तोही बहुतेक ठिकाणी एकेका डोसचा, महिनोन् महिने गोळी खाणाऱ्यांचा नाही. नंतर 2017 मध्ये बुद्धिबळपटूंवर एक छान प्रयोग झाला, 39 खेळाडू, कॉम्प्युटरविरुद्ध पंधरा-पंधरा मिनिटांचे डाव, कधी मोडाफिनिल, कधी मेथिलफेनिडेट (लक्ष टिकावं म्हणून देतात ते उत्तेजक औषध), कधी कॅफिन, कधी नुसती खोटी गोळी. काय झालं माहितीये? औषध घेतल्यावर खेळाडू प्रत्येक चालीवर जास्त वेळ विचार करायला लागले आणि जास्त डाव घड्याळावर हरले. वेळ संपून हरलेले डाव बाजूला काढले तर खेळ सुधारलेला दिसत होता.

आता हे परीक्षेला लावून बघा. पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरला दोन तास, शंभर प्रश्न, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव हिस्सा मार्क कट. तिथे प्रत्येक प्रश्नावर खोल विचार करणारा पोरगा हवाय की 'हा येत नाही, सोड, पुढे चल' म्हणणारा हवाय?

आणि 2023 चा अजून एक प्रयोग, मला सगळ्यात पटलेला. 40 निरोगी तरुण माणसं, त्यांना पिशवी भरण्याचं कोडं दिलं, म्हणजे अमुक वजन मावेल अशी पिशवी आणि वेगवेगळ्या वजनाच्या-किमतीच्या वस्तू, जास्तीत जास्त किमतीचा माल कसा बसवाल. मोडाफिनिल, मेथिलफेनिडेट आणि डेक्सअँफेटामिन हे अजून एक उत्तेजक औषध, तिन्ही बघितली. औषधावर लोकांनी जास्त वेळ घालवला, जास्त हालचाली केल्या, वस्तू आत टाक, बाहेर काढ, परत टाक. पिशवीतल्या मालाची किंमत मात्र कमी झाली. आणि औषधाशिवाय जे सरासरीपेक्षा वर होते तेच औषधावर सरासरीच्या खाली येताना दिसले. माझ्या पाच रंगांच्या नोट्स आठवा. कष्ट वाढले, माल घटला. त्याहून वाईट म्हणजे माणसाला ते कळत नाही. अमेरिकेत ॲडरॉलवर, म्हणजे अँफेटामिनच्याच एका गोळीवर, एक प्रयोग झाला होता 2013 मध्ये, तिथे टेस्टचे मार्क फारसे हलले नाहीत पण लोकांना वाटत होतं की आज आपण कमाल केली. तुमचा भाऊ 'मला फरक पडतो' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाहीये. त्याला तसंच वाटतंय.

बरं, चीटिंग. खेळात याचं उत्तर सरळ आहे. 2003 मध्ये पॅरिसच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला केली व्हाइट नावाच्या अमेरिकन धावपटूने 100 आणि 200 मीटर दोन्ही जिंकले आणि तपासणीत मोडाफिनिल सापडलं, तिने नार्कोलेप्सीचं कारण दिलं, ते टिकलं नाही, पदकं गेली. तिथे नियम होता, तपासणी होती, तिने नियम मोडला, विषय संपला. आपल्या परीक्षांना हॉलमध्ये मोबाईल चालत नाही, ब्लूटूथ चालत नाही, रक्तात काय आहे ते कोणी विचारत नाही. अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीने 2011 मध्ये विद्यार्थ्यांच्या मागणीवरूनच नियम केला की प्रिस्क्रिप्शनशिवाय असली औषधं अभ्यासासाठी वापरणं ही शैक्षणिक लबाडी धरली जाईल. पण त्या नियमातली गंमत बघा, तीच गोळी, तोच डोस, डॉक्टरचा कागद असेल तर लबाडी नाही, नसेल तर लबाडी. मग कागद कोणाला मिळतो? ज्याच्याकडे चांगल्या डॉक्टरकडे जायला पैसे आहेत आणि काय लक्षणं सांगायची हे ज्याला माहीत आहे त्याला. म्हणून मी तुमच्या भावाला चीटर म्हणणार नाही. पेपर फोडणारा, डमी बसवणारा, तो चीटर. यात लबाडीपेक्षा दुसरंच काहीतरी चुकीचं आहे.

ते काय ते सांगतो. एसटी स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं आहे हे. पहिल्या माणसाने टाकला तेव्हा त्याला फायदा झाला. मग सगळेच टाकायला लागले. गाडीतल्या सीटा तेवढ्याच राहिल्या, फक्त आता रुमाल नसलेल्या म्हातारीला उभं राहावं लागतं आणि प्रत्येकाला घरून रुमाल घेऊन निघावं लागतं. स्पर्धा परीक्षेत जागा काहीशे आणि फॉर्म लाखांत, सगळ्या लाखांनी गोळ्या खाल्ल्या तरी एक डेप्युटी कलेक्टर वाढणार नाही. नुसता खर्च वाढला, झोप गेली, आणि जो घेणार नाही त्याच्यावर प्रेशर आलं. तुमचा भाऊ म्हणाला ना, 'सगळेच घेतात'? सगळे घेत नाहीत, मी अभ्यासिकांमधल्या पोरांना वर्षानुवर्षं बघतोय, पण प्रत्येकाला वाटतं की सगळे घेतात, आणि तेवढंच पुरतं. तो गोळी हौसेने घेत नसावा, मागे पडायच्या भीतीने घेत असावा. आपल्या मर्जीने घेतली असं म्हणायला 'नाही घेत' म्हणायची सोय तरी पाहिजे ना.

ही सोय जाणं किती टोकाला जाऊ शकतं त्याचं उदाहरण सैन्यातलं आहे. अमेरिकन हवाई दलात लांब उड्डाणांसाठी पायलटना डेक्सअँफेटामिनच्या गोळ्या दिल्या जायच्या, त्यांना 'गो पिल' म्हणत. एप्रिल 2002 मध्ये अफगाणिस्तानात दोन अमेरिकन पायलट उड्डाणावर होते, त्यातल्या एकाने चुकून आपल्याच बाजूच्या कॅनडाच्या सैनिकांवर बॉम्ब टाकला, चार जण गेले, आणि बचावात दोघांच्या वकिलांनी या गोळ्यांचा मुद्दा काढला. गोळी ऐच्छिक होती असं सैन्याचं म्हणणं, पण नाही घेतली तर उड्डाणाला अपात्र ठरवण्याची मुभा वरिष्ठांना होती. आता ह्याला ऐच्छिक कसं म्हणायचं तुम्हीच सांगा.

इथे माझे काही मित्र माझ्याशी भांडतात आणि त्यांचा मुद्दा मी खोडू शकत नाही. ते म्हणतात, परीक्षा सोड, सर्जनचं बोल. पहाटे तीनला इमर्जन्सी आली, सर्जन वीस तास जागा आहे, गोळीने त्याची चूक होण्याची शक्यता कमी होत असेल तर ती घेणं त्याचं कर्तव्यच नाही का? तिथे फायदा रांगेतल्या नंबराचा नाही, टेबलावर पडलेल्या माणसाचा आहे. बरोबर आहे. गणितज्ञ पॉल एर्डोश अँफेटामिन घ्यायचे हे जगजाहीर होतं, 1979 मध्ये मित्राने 500 डॉलरची पैज लावली की महिनाभर सोडून दाखव, त्यांनी सोडून दाखवलं, पैज जिंकली आणि वर तक्रार केली की गणित महिनाभर मागे पडलं. त्यांच्या प्रमेयांनी दुसऱ्या कोणाची जागा खाल्ली नाही, उलट सगळ्यांना मिळाली. तर काम काय आहे त्यावर नीती बदलते हे मला मान्य आहे. फक्त सर्जनच्या बाबतीत मी एवढंच विचारतो की तो वीस तास जागा का आहे, दुसरा सर्जन का नेमला नाही? गोळी स्वस्त आहे, पोस्ट भरणं महाग आहे. एकदा जागं ठेवायची गोळी मिळाली की ड्युटी कमी करायची कोणाला घाई राहत नाही.

आता माझ्या धंद्यातली अडचण, म्हणजे आजार आणि हौस यातली रेघ. एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि चंचलतेच्या आजारासाठी, आम्ही मेथिलफेनिडेट देतो. हे 1944 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी बनवलं, बायकोचं लाडाचं नाव रीटा म्हणून ब्रँड झाला रिटालिन. आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहे, वर एनडीपीएस हा अंमली पदार्थांचा कायदाही लागतो, चिठ्ठीची एक प्रत मेडिकलवाल्याला दोन वर्षं ठेवावी लागते. म्हणून पोरं मोडाफिनिलकडे वळतात, ते तुलनेने सहज मिळतं. चिठ्ठी त्यालाही लागते, पण किती ठिकाणी मागतात ते तुम्हाला मीच सांगायला नको.

मागे एक वडील बारावीच्या पोराला घेऊन लातूरहून आले, म्हणाले नीटची परीक्षा तोंडावर आलीये, कॉन्सन्ट्रेशनची गोळी लिहून द्या. पोराला विचारलं झोपतोस किती, म्हणाला साडेचार तास. लहानपणी शाळेतून तक्रारी होत्या? नव्हत्या, पहिला नंबर यायचा. एडीएचडी म्हणायला लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली लागतात आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात, घरी पण, शाळेत पण. बारावीच्या डिसेंबरात तो अचानक होत नाही. मी सात तास झोप लिहून दिली, अक्षरशः कागदावर लिहून. वडील फी देऊन निघून गेले, परत आले नाहीत, दुसऱ्या कोणीतरी दिली असेल लिहून. तेव्हा मला फार नीतिमान वगैरे वाटलं होतं. आता वाटतं की त्यांना पंधरा मिनिटं जास्त द्यायला हवी होती, त्या माणसाने शेत गहाण ठेवलं होतं क्लाससाठी, त्याला झोपेचं लेक्चर ऐकून काय वाटलं असेल.

आणि याच्या उलट एक मुलगी, लहानपणापासून वेंधळी म्हणून बोलणी खाल्लेली, खरा एडीएचडी, औषध सुरू केलं आणि पहिल्यांदा ती एक पुस्तक शेवटपर्यंत वाचू शकली. सहा महिन्यांनी मला म्हणाली, सर, हे मार्क माझे का गोळीचे? आम्ही डॉक्टर लोक इथे चष्म्याचं उदाहरण देतो, चष्मा लावून वाचलेलं पुस्तक चष्म्याने वाचलं का, वगैरे. मी पण द्यायचो, आता देत नाही. कारण माझा चष्मा तुम्ही लावला तर तुम्हाला धूसर दिसेल, पण हे औषध निरोगी माणसावरही काहीतरी करतंच. 1978 मध्ये ज्युडिथ रॅपपोर्ट यांनी चक्क नॉर्मल मुलांना डेक्सअँफेटामिनचा एक डोस देऊन बघितला होता, त्यांचीही चुळबुळ कमी झाली आणि लक्ष वाढलं. म्हणजे औषध लागू पडलं म्हणून आजार सिद्ध होत नाही. मी त्या मुलीला सांगितलं की बाकीची पोरं ज्या जमिनीवर उभी आहेत तिथे तू आता आलीस, पळायचं तुझं तुलाच आहे. तिला पटलं, मला अजून पूर्ण पटलेलं नाही, पण औषध मी चालू ठेवलं आणि आजही तसंच करेन.

मध्येच एक, ब्राह्मी-शंखपुष्पीबद्दल विचारणार असाल तर: चरकात मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल, शंखपुष्पी ही चार मेध्य रसायनं सांगितलीयेत, म्हणजे बुद्धीसाठी काहीतरी घ्यायची हौस आपल्याकडे काही आजची नाही. आईने ब्राह्मीचं सरबत दिलं की ते संस्कार आणि रूममेटने गोळी दिली की ते व्यसन, असं मी मानत नाही, दोन्हीकडे प्रश्न तेच, किती उपयोग आणि किती अपाय. बाजारात ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात हे तरी घेणाऱ्याला माहीत असावं.

आता भावाकडे येऊ. हक्काचं विचारलंत तर, पैसे पाठवता म्हणून हक्क नाही, तो सज्ञान आहे, स्ट्रिप फेकून दिलीत तर नवीन आणेल आणि लपवेल. पण काळजीने बोलायला हक्क लागत नाही. फोनवर नको, पुण्याला जा, त्याच्या मेसमध्ये बसून जेवा त्याच्याबरोबर. गोळीवरून सुरुवात करू नका, झोपतोस कधी हे विचारा, अंगावर कपडे ढिले झालेत का बघा कारण यात भूक मरते. रात्रीची ती दुसरी गोळी घेतोय का ते विचारा, आणि घेत असेल तर ती मात्र एकदम बंद करायला लावू नका, झटके येऊ शकतात, तिच्यासाठी डॉक्टरच पाहिजे. मोडाफिनिल थांबवलं तर काही दिवस सुस्ती, चिडचिड, खूप झोप, एवढं होतं, बहुतेकांना त्याहून जास्त काही नाही.

घरात कोणाला बायपोलर, मूड वर-खाली होण्याचा आजार असेल तर ते त्याला स्पष्ट सांगा, अशांना या गोळीने मेनिया, म्हणजे मूड बेसुमार चढण्याचा झटका, उसळू शकतो, मी बघितलेत. रूमवर मुली असतील, मैत्रिणी घेत असतील, तर त्यांनाही कळवा की गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम हिने कमी होतो, बंद केल्यावरही महिनाभर, आणि प्रेग्नन्सीत ही घ्यायची नाही. अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल आणि ताप असं काही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल, पेपर असला तरी. क्वचित होतं, पण झालं तर कातडी सुटण्यापर्यंत जातं.

आणि त्याला माझा तो पिशवीचा प्रयोग जरूर सांगा, पोरांना तो पटतो असा अनुभव आहे. दोन आठवडे गोळीशिवाय, रोज सात तास झोपून, ठरलेल्या वेळेला घड्याळ लावून जुने पेपर सोडवून बघ म्हणा, आणि गोळीच्या दिवसांतले मार्क शेजारी मांड. मार्क लिहून ठेवलेत का ते आधी विचारा. माझ्याकडे आलेल्यांपैकी एकानेही ठेवलेले नव्हते, किती तास जागलो तेवढं सगळ्यांनी लिहिलं होतं.